अतुल डॉक्टरचा पंडुम

आमच्या धानोऱ्याकडे डॉक्टर म्हणवून घ्यायला फार काही लागत नाही. मोटरसायकल, पाठीवर काळी बॅग आणि सुई टोचायची हिंमत असली की झालं. खेड्यापाड्यात लोक अशा माणसाला खाट टाकून देतात, चहात दूध जास्त घालतात. आणि खरोखरीची डिग्री फायलीत घेऊन परदेशातून आलेला अतुल हलामी मात्र कुणी ‘डॉक्टर’ म्हटलं की मागे वळून बघायचा. त्याला वाटायचं, दुसऱ्याच कुणाला हाक मारली.

“काकू, डॉक्टर नोका म्हणू,” तो मला म्हणायचा. “परीक्षा व्हाची हाय अजून.”

“मंग काय म्हणू? अर्धा डॉक्टर?”

“अतुल म्हणा ना.”

मी त्याला अतुल डॉक्टर म्हणायला लागले. मेसवाल्या बाईच्या तोंडी लागून काही उपयोग नसतो, हे त्याला लवकरच कळलं.

बसस्टँडच्या मागे माझी मेस आहे. खाली स्वयंपाक आणि पंगत, वर पोरांना भाड्याने दिलेल्या खोल्या. पोलीस भरतीची पोरं, वनरक्षकाची पोरं, तलाठी होऊ पाहणाऱ्या पोरी, सगळ्यांना मी तोंडानं झोडपते आणि ताटानं पोसते. यातली बरीचशी पोरं परीक्षा देता देता पोक्त होतात, मग एक दिवस भाडं चुकवून गावी निघून जातात. त्यामुळे परीक्षा या गोष्टीवर माझा मुळातच राग आहे.

अतुल आला तो थंडीच्या दिवसांत. त्याचं गाव आत जंगलात. तिथे फोनला रेंज मिळवायची तर टेकडीवर चढावं लागतं, आणि याचा सगळा अभ्यास मोबाईलवर. म्हणून धानोऱ्यात खोली. सामानात कपडे कमी आणि पुस्तकं जास्त. आणि एक कानटोपी, लोकरीची, तिकडची. किर्गिझस्तान म्हणायला मला महिना लागला. माझा नवरा धनराज, जो काळी-पिवळी जीप चालवतो, त्याला अजूनही येत नाही. तो म्हणतो, “तो बरफाचा देश.”

परीक्षेचं म्हणाल तर ते असं. बाहेरच्या देशात डॉक्टरी शिकून आलेल्या पोराला इथे येऊन एक परीक्षा द्यावी लागते. वर्षातून दोनदा. तीनशे प्रश्न, कॉम्प्युटरवर, एका दिवसात दोन भागांत. निम्मे बरोबर आले की पास, मग वर्षभर इंटर्नशिप, मग डॉक्टर. नापास झालं की तिकडच्या सहा वर्षांची किंमत रद्दीच्या भावात. नापास होणारे जास्त, पास होणारे थोडे. हे मला अतुलनेच सांगितलं, भाताचा घास हातात धरून, जसं एखादा दुसऱ्याच्या घरची गोष्ट सांगतो तसं.

“पण तू तर तिथी शिकून आला ना?” मी विचारलं.

“शिकलो. पण काकू, तिथी मले सहा वर्षांत मलेरियाचा एक पेशंट नाई दिसला. आन आमच्या गावात मलेरियाबगर एक घर नाई.”

ते म्हणताना तो हसला नाही. त्याचा बाप मलेरियानंच गेलेला. वनरक्षक होता. ताप डोक्यात चढला, खाटेवर घालून डांबरी सडकेपर्यंत आणला, सडकेवर गाडीची वाट बघता बघता गेला. त्यानंतर त्याच्या बायकोनं, कलाबाईनं, एकच हट्ट धरला की पोरगा डॉक्टर झाला पाहिजे. इथे नंबर लागला नाही तेव्हा बापाच्या मागे जे काही मिळालं होतं ते सगळं घालून तिनं त्याला बरफाच्या देशात धाडला. त्या बाईनं तोवर नागपूरसुद्धा बघितलं नव्हतं.

कलाबाई दर बाजाराच्या दिवशी यायची. मोहफूल, चारोळी, चिंच, पावसाळ्यात बांबूचे वास्ते म्हणजे कोवळे कोंब, जे जंगलानं दिलं असेल ते टोपलीत घालून. बाजार आटोपला की माझ्या ओसरीवर टेकायची. उंच, काटक बाई, हसली की सगळी बत्तिशी दाखवणारी. तंबाखूनं काळी पडलेली, पण पुरी. मी तिला भात-वरण वाढायचे आणि वर मिरचीचा ठेचा. माझा ठेचा खाऊन भरतीची दांडगी पोरं पाण्याच्या टाकीकडे पळतात. कलाबाई तो भातासारखा खायची आणि म्हणायची, “बाई, मिरच्या संपल्या काय तुमच्या घरच्या?” माझ्या ठेच्याला फिका म्हणणारी अख्ख्या तालुक्यात ती एकटी. मला तिचा राग यायचा आणि ती आवडायची.

आता पंडुमची गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

चैत्रात मी कैरीची चटणी केली होती. सगळी पोरं बोटं चाटत होती, आणि अतुलनं चटणी ताटाच्या कडेला सरकवून ठेवलेली. मला वाटलं, परदेशाची चव लागली.

“काऊन रे, तिकडे घोड्याचं मटण खाऊन आला, आता माझी कैरी नाई जात?”

तो ओशाळला. “तसं नाई काकू. आमच्या गावचा मरका पंडुम नाई झाला अजून.”

मरका म्हणजे आंबा. गावचा गायता, म्हणजे त्यांचा पुजारी, आंब्याची पहिली फळं देवाला वाहतो, सगळा गाव जमतो, तो पंडुम. तो झाल्याशिवाय त्या गावातला माणूस नवा आंबा तोडत नाही, खात नाही. झाडाखाली पडलेलासुद्धा नाही. जो खाईल त्याचा दोष गावावर येतो, असं मानतात. आमच्याकडे शहाणी माणसं याला हसतात. मी नाही हसत. कोवळ्या कैऱ्या ओरबाडून पेट्या भरणारी शहाणी माणसं मी फार बघितली आहेत.

“पण तू धानोऱ्यात हाय. तुले कोण पाह्यते?”

“माय तिथी खात नाई,” तो म्हणाला. “मी इथी कसा खाऊ?”

बाजाराच्या दिवशी मी हे कलाबाईला चिडवायला म्हणून सांगितलं. ती खूश झाली. म्हणाली, “बराबर केलं त्यानं.” मग थोडं थांबून म्हणाली, “त्याच्या डॉक्टरीचं बी तसंच हाय ना, बाई. फळ लागलं. पर पंडुम नाई झाला.”

मला ते इतकं पटलं की मी ते सगळ्या मेसला ऐकवलं. तेव्हापासून अतुलच्या परीक्षेला आमच्याकडे परीक्षा कुणी म्हणेना. “अतुल डॉक्टरचा पंडुम कधी?” असंच विचारायचे.

पहिला पंडुम जूनमध्ये होता. अतुल नागपूरला जाऊन आला, महिनाभरानं निकाल लागला, नापास. त्यानं ते जेवताना सांगितलं आणि दुसऱ्यांदा वरण मागून घेतलं. पोरांनी माना खाली घातल्या. पोरांना ते नवं नव्हतं.

त्याच सुमारास एका खाजगी दवाखान्याचा मालक त्याला शोधत आला. पांढरी गाडी, हातात अंगठ्या. ओसरीवर बसून त्यानं सरळ सांगितलं, की पेशंट तू बघ, चिठ्ठीवर सही आमच्या डॉक्टरची, पगार चांगला. अशी कितीतरी पोरं करतात म्हणे. मी कान देऊन ऐकत होते आणि मनातून म्हणत होते, घे रे बाबा, आधी पोटोबा मग विठोबा. अतुलनं दोन दिवस मागितले आणि बाजाराच्या दिवशी मायला विचारलं.

कलाबाई टोपलीतली चारोळी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

“पंडुमच्या आधी तोडाचं नाई,” एवढंच म्हणाली.

अतुलनं त्या माणसाला नाही म्हणून कळवलं. मी त्या दिवशी मायलेकांना मनातल्या मनात मूर्ख म्हटलं आणि कलाबाईच्या ताटात एक वडा जास्त वाढला.

पाऊस लागला. अतुलचा अभ्यास वाढला, तसा त्याचा एक नाद वाढला. जे वाचायचा ते आम्हाला शिकवायचा. धनराजला ब्लडप्रेशर सांगितलं, वरच्या दीपालीला, जी पोलीस भरतीसाठी धावते, तिला रक्त कमी म्हणून सांगितलं. औषध मात्र कुणालाच द्यायचा नाही. “सरकारी दवाखान्यात दाखवा,” असं म्हणायचा. एका बाजारी तो कलाबाईच्या मागे लागला. तंबाखूनं तोंडात काय काय होतं, हे त्यानं तिला मोबाईलवर चित्रं दाखवून सांगितलं. तिनं चित्रं नीट बघितली. मोबाईल हातात धरून बराच वेळ बघत बसली.

पुढच्या बाजारी कलाबाईकडे तंबाखूची डबी नव्हती.

अतुलला काय आनंद झाला. चाळीस वर्षांची सवय एका बाजारात सुटली. तो पंगतीत सगळ्यांना सांगत सुटला, “माया सांगण्यावरून सोडली मायनं. माया पयला पेशंट.”

कलाबाई पदराआड हसली. “पयली पेशंट मीच. पर तुया पंडुम झाल्यावर. पयला मान माया, आत्ताच सांगून ठेवतो मी.” आमच्याकडच्या बाया ‘मी सांगतो’ असंच बोलतात.

“तुले होऊन काय राह्यलं, पेशंट व्हाले?” अतुल हसला.

“होईन काईतरी तोवर.”

सगळे हसले. मीही हसले.

त्याच पावसाळ्यात तिनं माझा ठेचा खायचा सोडला. आधी म्हणाली, पोट बरोबर नाही. मग म्हणाली, नुसती पेज द्या. भाताची पातळ पेज, मीठ घालून, तीही निववून. मी घालून दिलेलं लोणचं हळूच दीपालीच्या ताटात ठेवताना मी तिला बघितलं आणि मला झोंबलं. म्हटलं, पोरगा डॉक्टर व्हायच्या आधीच बाईला माझं जेवण जड झालं, नाकापेक्षा मोती जड. तिचं हसणंही पदराआडच राहिलं. बोलणं जरा बोबडं झालं. मला वाटलं, दाढा पडल्या असतील, या वयात पडतातच. बाई वाळत चालली होती, पण पावसाळ्यात जंगलातली कोणती बाई वाळत नाही?

अतुललाही दिसत असणार. पण तो त्या दिवसांत कुठे होता? खोलीत. मोबाईल, कानात इअरफोनच्या बोंड्या, भिंतीवर चिकटवलेले कागद. जेवायला खाली यायचा तेव्हा ओठ हलत असायचे. बाजाराच्या दिवशी मायजवळ बसायचा, पण घड्याळ लावून. तीच त्याला उठवायची. “जाय, वाच.”

जानेवारीत दुसरी परीक्षा झाली. या वेळी तो नागपूरहून आला तो वेगळाच. पायऱ्या चढताना शीळ घालत होता. मला म्हणाला, “काकू, या खेपेस जमलं वाटते.” मी कलाबाईला निरोप धाडला. तिनं वाळवलेल्या मोहफुलांची टोपली भरून पाठवली, मेसच्या पोरांसाठी.

सहा मार्कांनी गेला.

सहा मार्क म्हणजे काय, ते ज्याचे जातात त्यालाच कळतं. या खेपेस तो जेवायला खाली आला नाही. दार लावून पडला. मी दोनदा हाक मारली, मग शिव्या दिल्या, मग ताट झाकून दाराशी ठेवलं. ताट तसंच परत आलं. माझ्या हातात भाकरी करण्यापलीकडे काही नाही आणि ती तर तो खात नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. कलाबाई आली, रिकाम्या हातानं. निकाल तिला कळला होता, त्यांच्या गावच्या एका पोरानं टेकडीवर चढून फोनवर बघितला होता. वर गेली, दार वाजवलं. आतून अतुल म्हणाला, “माय, आज नोको.” ती खाली येऊन ओसरीवर बसली.

मी चहा दिला. तिनं कप ओठाला लावला आणि चहा ओठाच्या कोपऱ्यातून खाली सांडला. तिनं पदरानं टिपला. पदराला लाल लागलं. मी बघत राहिले. तिनं पुन्हा कप उचलला तेव्हा मी तो तिच्या हातातून काढून घेतला.

“तोंड उघडा, कलाबाई.”

“काई नाई जी.”

“उघडा म्हणतो ना.”

तिनं उघडलं. म्हणजे उघडायचा प्रयत्न केला. एक बोट जाईल एवढंच. आतून असा वास आला की मी घरातली चार बाळंतपणं काढलेली बाई, मी मागे सरकले.

“कधीपासून?”

“पानी लागाच्या आधीपासून.” ती हळूहळू बोलत होती, शब्द चघळल्यासारखे. “पयले दाण्यायेवढं होतं. तंबाखूनं झोंबे म्हणून सोडला तंबाखू.”

“मंग सांगतलं काऊन नाई? घरात डॉक्टर हाय ना तुमच्या?”

माझा आवाज चढला होता. तिनं माझा हात धरला, वर बोट दाखवलं आणि हळू बोल म्हणून खुणावलं.

“त्याचा पंडुम नाई झाला ना, बाई. आधी तोडलं तर त्याच्यावर दोष येते. आता सहाच मार्क राह्यले म्हणते. पुढच्या खेपेस होते त्याचं. मंग त्याच्याच हातानं पाह्याचं मले. पयली पेशंट मी. तवरोक ठेवलं हाय.”

ठेवलं आहे, म्हणाली. पाहुण्यासाठी गूळ ठेवावा तसं त्या बाईनं ते दुखणं पोरासाठी ठेवलं होतं. मी तिला काय बोलले ते मला आठवत नाही. मी जिना चढले आणि अतुलच्या दारावर लाथ घातली.

तो खाली आला, विस्कटलेला, रागावलेला. मी म्हटलं, मायचं तोंड बघ. कलाबाईनं तोंड पदरात घातलं आणि मान हलवत राहिली. “आज नाई. आज नाई.” शेवटी मी तिचे हात धरले आणि त्यानं मोबाईलची बत्ती लावून आत बघितलं. मग गळ्याला दोन्ही बाजूंनी बोटं लावली, जबड्याखाली, कानाखाली, हळूहळू, जसं शिकवलं असेल तसं. एका जागी बोटं थांबली. त्यानं बत्ती बंद केली आणि पायरीवर बसला.

बाजारातून परतणारी माणसं सडकेनं चालली होती.

“प्रश्न आला होता, काकू,” तो म्हणाला. “या खेपेस. तंबाखू खाणारी बाई, गालात जखम, भरत नाई, तोंड उघडत नाई. काय असन? मी बराबर लिहिलं होतं.”

त्यानंतर जे व्हायचं ते झालं, आणि त्यात अतुलच्या हातात काहीच नव्हतं. आधी सरकारी दवाखान्यात रांगेत उभे राहिलो. तिथला डॉक्टर अतुलच्याच वयाचा, झोपेला मुकलेला, वागायला चांगला. अतुल त्याला इंग्रजीत भराभर सांगायला लागला, जखम केवढी, गाठ कुठे, किती महिने. तो डॉक्टर लिहिता लिहिता थांबला.

“तुम्ही डॉक्टर आहात का?”

मी त्याच्या मागे उभी होते. मला वाटत होतं, हो म्हण, एकदा म्हण, कोण बघतंय.

“मुलगा आहे,” तो म्हणाला.

पुढे गडचिरोली, मग नागपूर. कॅन्सरच्या मोठ्या दवाखान्यात तुकडा तपासला, फोटो काढले. तिथल्या डॉक्टर बाईंनी अतुलला बाजूला घेऊन सांगितलं की ऑपरेशनची वेळ गेली, आता मशीननं शेकायचं आणि औषध द्यायचं, दुखणं कमी होईल तेवढं होईल. अतुलला हे सांगायची गरज नव्हती. त्याला ते ओसरीवरच कळलं होतं. त्याच्या पुस्तकात या दुखण्याच्या पायऱ्या दिलेल्या आहेत, पहिल्या पायरीला किती जण वाचतात, चौथीला किती. ते त्याला तोंडपाठ होतं. तोंडपाठ असण्यानं इतका छळ मी दुसऱ्या कुणाचा झालेला बघितला नाही.

गावाहून जंगू आला होता बघायला, कलाबाईचा दीर आणि गावचा गायता तोच. वाळका म्हातारा, खांद्यावर टॉवेल. अतुलनं त्याला सगळं सांगितलं, माय कशासाठी थांबली ते पण. जंगू वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसला आणि कपाळाला हात लावला.

“पंडुम फळाचा असते रे,” तो म्हणाला. “झाडाचा, धानाचा. दुखण्याचा नसते. हे मी तिले कधी सांगतलं? कोणी सांगतलं तिले?” तो हे पुन्हा पुन्हा विचारत राहिला. अतुलनं त्याला पाणी आणून दिलं.

कोणाला दोष देणार? मी खूप शोधला. परीक्षेला देऊन बघितला. तीनशे प्रश्न विचारणाऱ्याला काय माहीत, धानोऱ्याच्या आत एक बाई त्याच्या निकालासाठी तोंड मिटून बसली आहे? कलाबाईला द्यावा, तर तिनं आयुष्यभर जे पाळलं तेच पाळलं. पोराला खोट्या सहीच्या दवाखान्यापासून ज्या नेमानं वाचवलं, त्यानंच तिचा घात केला. मी रागावणारी बाई आहे, राग कुठे ठेवावा हे मला नेहमी कळतं. या वेळी कळलं नाही.

जून आला. परीक्षा नागपुरातच, दवाखान्यापासून रिक्षानं जाण्याएवढ्या अंतरावर. अतुल म्हणाला, देत नाही. अभ्यास कुठे झाला होता? चार महिने तो वॉर्डात मायच्या उशाशी पुस्तक उघडून बसायचा आणि पान तेच असायचं. पण कलाबाईनं ऐकलं नाही. बोलणं तिचं बंद झालं होतं, नाकातून नळी होती. तिनं त्याच्या शर्टाची बाही धरून दाराकडे ढकललं. दोनदा ढकललं, अंगात बळ नसताना.

म्हणून परीक्षेच्या दिवशी मी मेस बंद ठेवली. पोरांना पोहे करून खा म्हटलं आणि धनराजच्या जीपनं पहाटेच निघाले. दिवसभर कलाबाईजवळ मी बसणार होते. जंगूनं आमच्याबरोबर आंबे दिले होते, त्यांच्या गावच्या झाडाचे, पंडुम झालेले. छोटे, रायवळ. मी एक तिच्या हातात दिला. तिनं तो नाकाशी धरला, वास घेतला, आणि उशीखाली ठेवला. मी विचारलं, अतुलसाठी? तिनं डोळे मिटून हो म्हटलं.

दिवस सरता सरेना. मध्ये नर्स येऊन नळीतून दूध देऊन गेली. मी कलाबाईला मेसच्या गोष्टी सांगितल्या, दीपाली धावण्यात पास झाली ते सांगितलं. ठेचा करून आणला असता, पण तुम्हाला फिका लागतो, असंही म्हटलं. तिचे डोळे हसले. तोंडावर पट्टी होती.

अतुल संध्याकाळी आला. शर्ट घामानं अंगाला चिकटलेला. मी त्याला बाहेर गाठलं.

“कसा गेला?”

“पयला भाग बरा गेला.” तो भिंतीला टेकला. “दुसऱ्यात तिच्या दुखण्याचा प्रश्न होता. पाच वर्षांनी शेकडा किती वाचते, म्हणून. मले उत्तर येत होतं, काकू. बोट पुढं जाये ना. मी किती वेळ तिथीच बसलो मले नाई मालूम. पुढचे प्रश्न तसेच राह्यले, बहुत राह्यले.”

तो नळावर तोंड धुऊन आला, केस हातानं बसवले आणि आत गेला.

कलाबाई जागी होती, दाराकडेच बघत होती. तो जवळ जाताच तिनं हात उचलला आणि बोटांनी विचारलं. झाला? निकाल लागायला महिना होता, आणि निकाल काय ते तो आत्ताच बाहेर सांगून आला होता.

“झाला माय,” अतुल म्हणाला. “झाला पंडुम.”

तिनं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी ‘हो’ म्हणून मान हलवली. देवानं मला हलवायला लावली की माझी मी हलवली, कोण जाणे.

कलाबाईनं उशीखालून आंबा काढून त्याच्या हातात दिला. मग हात वर नेऊन तोंडावरची पट्टी स्वतःच सोडवायला लागली. तिची बोटं चालेनात, तेव्हा अतुलनं सोडवली. तिनं मान मागे टेकवली आणि त्याच्यासाठी तोंड उघडलं, जेवढं उघडत होतं तेवढं.

त्यानं आंबा मांडीवर ठेवला. खिशातून मोबाईल काढून बत्ती लावली. वाकून आत बघितलं, एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं, घाई न करता. मग तिचा हात घेऊन नाडी बघितली, घड्याळाकडे बघून, पूर्ण मिनिटभर. कलाबाई त्याच्या तोंडाकडे बघत होती, डॉक्टर काय म्हणतो म्हणून पेशंट बघतो तशी.

“बरं होऊन राह्यलं, माय,” तो म्हणाला. “सुकत आलं.”

तिनं मान हलवली आणि तोंड मिटायला लागली. मिटायलाही तिला फार वेळ लागला.